डेस्कटॉपचं वायफाय मधूनच तुटतंय: काही बदलण्याआधी तुटतंय कुठे ते पकडा

प्रश्न असा आहे: कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं जुनं घर, खाली सोप्यात राउटर, वर माडीवर डेस्कटॉप. दिवसातून कितीतरी वेळा नेट जातं आणि दोन-चार मिनिटांत आपोआप परत येतं. त्याच वेळी मोबाईलवर सगळं चालू असतं. विंडोज नव्याने टाकून झाली, दुकानातून नवा राउटर आणून जोडून झाला, तरी फरक नाही. जीएसटीचं रिटर्न भरताना पोर्टल अर्ध्यातच बाहेर काढतं. आता कॉम्प्युटरच बदलावा का?

कॉम्प्युटर बदलू नका, निदान इतक्यात तरी. घरोघरी आणि छोट्या ऑफिसांत नेटवर्क बसवणं आणि बिघडलेलं शोधणं हेच माझं काम आहे. या तक्रारीत बहुतेक वेळा वस्तू आधी बदलल्या जातात आणि बिघाड नंतर शोधला जातो. 'वायफाय जातं' ही ऐकायला एक तक्रार असली तरी तिच्या पोटात तीन वेगळे बिघाड असू शकतात. कॉम्प्युटर आणि राउटर यांच्यातला रेडिओचा दुवा तुटत असेल, घरातला राउटर किंवा फायबरचा डबाच बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, किंवा घराबाहेरची लाइन जात असेल. स्क्रीनवर तिन्ही वेळा एकच दिसतं, पान उघडत नाही. पण एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

तुमच्याकडे तिन्हींतलं नेमकं कोणतं, ते इथून सांगता येणार नाही. घराच्या भिंती, कॉम्प्युटरमधलं वायफाय कार्ड, शेजाऱ्यांचे राउटर, वीज, लाइन देणारा ऑपरेटर, या सगळ्यांवर ते ठरतं. मात्र ते शोधायची पद्धत सगळीकडे एकच आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

सुरुवातीलाच एक पुरावा बाजूला ठेवू. 'मोबाईलवर चालतं' या वाक्यावर विसंबू नका. वायफाय जोडलेलं दिसत असलं तरी त्यातून नेट येईनासं झालं, की आजचे बरेच फोन काही न सांगता मोबाईल डेटावर सरकतात. व्हॉट्सअॅप येत राहतं, व्हिडिओ आधी भरून ठेवलेल्या साठ्यावर चालत राहतो, आणि आपण दोष कॉम्प्युटरवर टाकून मोकळे होतो. म्हणून पुढची सगळी पाहणी करताना फोनचा मोबाईल डेटा बंद ठेवा. नुसत्या एवढ्यावर तपासाची दिशा बदललेली मी पुष्कळदा पाहिली आहे.

आता मुख्य चाचणी. स्टार्ट मेन्यूत सीएमडी लिहून काळी खिडकी उघडा आणि आयपीकॉन्फिग ही आज्ञा द्या. 'डीफॉल्ट गेटवे' या ओळीपुढे एक पत्ता दिसेल, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो तुमच्या राउटरचा पत्ता. त्याच खिडकीत पिंग, मग एक जागा सोडून तो पत्ता, मग आणखी एक जागा सोडून उणे चिन्ह आणि टी असं लिहून एंटर दाबा. हे सगळं अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत. ही आज्ञा त्या पत्त्याला सारखे छोटे निरोप पाठवते आणि उत्तर किती वेळात आलं ते दाखवते. शेजारी दुसरी काळी खिडकी उघडून तीच आज्ञा ८.८.८.८ या पत्त्यासाठी द्या. तो गूगलचा सर्व्हर आहे आणि घराबाहेरची वाट तपासायला चांगला उपयोगी पडतो. दोन्ही खिडक्या शेजारीशेजारी लावून रोजचं काम करत राहा. नेट गेलं की पहिलं काम एवढंच: कोणती खिडकी थांबली ते बघा आणि वेळ कागदावर लिहा.

दोन्ही खिडक्या थांबल्या तर कॉम्प्युटर ते राउटर हा दुवा तुटला आहे, किंवा राउटरच झोपला आहे. पहिली चालू राहिली आणि फक्त दुसरी थांबली तर तुमचं वायफाय धडधाकट आहे, बिघाड राउटरच्या पलीकडे आहे. दोन्ही चालू आहेत आणि तरी पानं उघडत नाहीत, तर संशय डीएनएसवर, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेवर घ्यायचा. तेव्हा विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस हाताने १.१.१.१ किंवा ८.८.८.८ करून बघा. ते सोपं आहे, त्यावर इथे जास्त बोलत नाही.

खिडकीत येणारा मजकूरही वाचा. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' म्हणजे निरोप गेला, उत्तर आलं नाही. 'जनरल फेल्युअर' म्हणजे कॉम्प्युटरला निरोप पाठवताच आला नाही, वायफाय कार्डाचा दुवाच सुटलेला आहे. तुटण्याआधीचे आकडेही बघून ठेवा. राउटरकडून येणारं उत्तर एरवी एक ते पाच मिलिसेकंदांत येतं. तुटण्याच्या आधी ते दोनशे, पाचशे, हजार असं चढत गेलं, तर सिग्नल अशक्त आहे किंवा हवेत गर्दी आहे. आकडे शेवटपर्यंत नीट राहून एकाएकी सगळं थांबलं, तर वीज, ड्रायव्हर (म्हणजे विंडोजकडून कार्ड चालवून घेणारा प्रोग्रॅम) किंवा राउटर याकडे वळायचं.

खंड किती वेळ टिकतो, हेही बरंच काही सांगतं. काही सेकंदांचा खंड बहुतेक वेळा रेडिओचा असतो. बरेच राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत वायफाय देतात; खंड साधारण एक-दीड मिनिटाचा असेल आणि फक्त ५ गिगाहर्ट्झचं नाव गायब होत असेल, तर त्याला वेगळं कारण आहे, त्याकडे खाली येतो. दोन ते चार मिनिटं हा राउटरला किंवा फायबरच्या डब्याला बंद पडून पूर्ण चालू व्हायला लागणारा वेळ आहे. आणि वायफाय हाताने बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय येतच नसेल, तर कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर अडकतोय.

तुम्ही दोन-चार मिनिटं म्हणता, म्हणून माझा पहिला संशय तुमच्या कॉम्प्युटरवर नाहीच. नवा राउटर आणला, पण भिंतीवरचा फायबरचा डबा, म्हणजे बाहेरची फायबर लाइन ज्यात येते तो ओएनटी, तोच जुना असणार. त्या डब्याला नवा राउटर जोडला असेल, तर डबा बंद पडून पुन्हा सुरू होताना वायफायचं चिन्ह जागेवरच राहतं आणि नेट मात्र जातं. राउटर कितीही चांगला आणला तरी यात फरक पडत नाही. तेव्हा पुढच्या वेळी नेट गेलं की खाली जाऊन आधी त्या डब्याचे दिवे बघा. सगळे विझून पुन्हा एकेक लागत असतील तर उत्तर मिळालं.

डबा असा का बंद पडतो? बहुतेक वेळा विजेमुळे. मंगळवार पेठेतल्या एका घरी नेट रोज सकाळी ठरावीक वेळेला जायचं. टिपून ठेवलेल्या वेळा पाहिल्यावर लक्षात आलं, की नळाला पाणी यायची वेळ आणि नेट जायची वेळ एकच आहे. पाणी आलं की वाड्यातल्या सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू व्हायच्या, व्होल्टेज क्षणभर खाली यायचं. बल्ब नुसता मिणमिणायचा, पण डब्याचा अशक्त झालेला अडॅप्टर तेवढ्यातही हार खायचा. अडॅप्टर बदलला आणि तक्रार संपली. हे अडॅप्टर वर्षानुवर्षं रात्रंदिवस चालू असतात, आतले कपॅसिटर थकतात. मल्टिमीटरवर ते बारा व्होल्ट बरोबर दाखवतात, कारण तेव्हा त्यांच्यावर भार नसतो. बदलताना लेबल वाचा: व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. पिनचा आकार आणि धन-ऋणाची बाजूही जुळली पाहिजे. वीज सारखी ये-जा करणाऱ्या भागात राउटर आणि ओएनटी दोन्हींना पुरेल असा छोटा बारा व्होल्टचा यूपीएस लावणं हा माझ्या मते या सगळ्यातला सर्वात सत्कारणी लागणारा खर्च आहे. घरात इन्व्हर्टर असला तरी लाइटवरून इन्व्हर्टरवर जातानाचा क्षण काही डब्यांना सोसत नाही.

डबा गरम होऊनही अडकतो. सेटटॉप बॉक्सवर ठेवलेला, कपड्याने झाकलेला, पत्र्याखालच्या भिंतीवर ठोकलेला डबा उन्हाळ्यात दुपारी हमखास त्रास देतो. त्याला मोकळी हवा द्या.

आता समजा दिवे स्थिर आहेत आणि तरी पहिली खिडकी थांबते. मग खरोखर वायफायचा दुवा तुटतोय आणि तिथे आपल्या पेठांतल्या घरांची रचना मोठी भूमिका बजावते. दगड-मातीच्या दीड-दोन फुटी भिंती, मध्ये लोखंडी कपाट, माडीवर जाणारा अरुंद जिना. त्यात राउटर बरेचदा दिवळीत ठेवलेला असतो, कारण पूर्वी फोन तिथे होता आणि लाइनवाल्याने वायर तिथेच सोडली. दिवळीला तीन बाजूंनी दगड. सिग्नल निघतो तो समोरच्या एकाच दिशेला, आणि तुमचा डेस्कटॉप वर, मागच्या बाजूला.

किती सिग्नल पोहोचतो ते मोजता येतं. काळ्या खिडकीत नेटएसएच, डब्ल्यूलॅन, शो, इंटरफेसेस असे चार शब्द ओळीने दिले, की सिग्नल टक्क्यांत, चॅनल (म्हणजे पट्ट्यातल्या ज्या जागेवर राउटर बोलतोय ती) आणि मिळणारा वेग दिसतो. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि उणे चिन्हापुढचा आकडा जितका लहान तितका सिग्नल चांगला. विंडोजचे टक्के असे वाचा: १०० टक्के म्हणजे उणे ५० डीबीएम किंवा त्याहून चांगलं, ६० टक्के म्हणजे साधारण उणे ७०, आणि ४० टक्के म्हणजे उणे ८०. उणे ६७ च्या आसपास किंवा त्याहून चांगलं असेल तर काम बिनघोर चालतं. उणे ७५ च्या पलीकडे गेलं की माणसांची ये-जा, उघडं-मिटलेलं कपाट, काहीही निमित्ताला पुरतं. तुमच्याकडे ५० टक्के दिसत असतील तर ड्रायव्हर, सेटिंग यांच्या मागे लागण्याआधी राउटर दिवळीतून बाहेर काढून जिन्याच्या तोंडाशी, उंचावर लावा.

डेस्कटॉपचा स्वतःचा एक दोष असतो. त्याचे अँटेना पेटीच्या मागे असतात, आणि पेटी टेबलाखाली, भिंतीला चिकटून. म्हणजे अँटेनाच्या एका बाजूला पत्रा, दुसऱ्या बाजूला दगड. कित्येकदा तर कार्डाबरोबर आलेले अँटेना लावलेलेच नसतात, खोक्यात तसेच पडलेले असतात. ते आधी पिळून घट्ट बसवा. वायफायसाठी छोटा यूएसबी डोंगल असेल तर तो निळ्या रंगाच्या यूएसबी ३ पोर्टातून काढा. यूएसबी ३ च्या उपकरणांतून आणि केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो, हे इंटेलने २०१२ मध्ये सविस्तर मोजून दाखवलं आहे. बाहेरची हार्ड डिस्क जोडली की वायफाय तुटतं, अशी तक्रार असेल तर कारण हेच. मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेऊन डोंगल टेबलावर आणला, की सिग्नल आणि गोंगाट दोन्ही बाबतींत एकदम फरक पडतो.

सिग्नल चांगला असूनही तुटत असेल तर हवेतल्या गर्दीकडे बघा. पेठेत घराला घर लागून, प्रत्येक घरात एक राउटर. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. फोनवर एखादं वायफाय अॅनालायझर अॅप घेऊन कोणता कमी भरलेला आहे ते बघा, राउटरमध्ये तो हाताने ठरवा आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. चॅनल 'ऑटो' वर असला की राउटर दिवसा मध्येच जागा बदलतो आणि काही कार्डं त्याच्या मागोमाग जाऊ शकत नाहीत. आणखी एक: आपल्याकडे १२ आणि १३ हे चॅनलही चालतात, पण काही कार्डांना ते दिसतच नाहीत. राउटर ऑटोने तेराव्यावर गेला तर फोनला नेटवर्क दिसतं आणि कॉम्प्युटरला दिसत नाही. तुमच्या 'मोबाईलवर चालतं' या वाक्याचं हेही एक खरं कारण असू शकतं.

तुमचं कार्ड ५ गिगाहर्ट्झचं असेल आणि सिग्नल पोहोचत असेल तर तिकडे जाणं उत्तम. तिथे गर्दी कमी. मात्र जाड भिंतीपुढे ५ गिगाहर्ट्झ लवकर थकतं, त्यामुळे माडीवर ते टिकेलच असं नाही, मोजून ठरवा. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ५,४७० ते ५,७२५ मेगाहर्ट्झ हा मधला पट्टाही विनापरवाना खुला केला, त्यामुळे नवे राउटर चॅनल १०० च्या पुढे जाताना दिसतात. पण चॅनल ५२ ते १४४ या भागात रडारही चालतात. राउटरला रडारची चाहूल लागली, मग ती खरी असो वा भास, तर त्याला तो चॅनल तात्काळ सोडावा लागतो. पुन्हा तशाच चॅनलवर सुरू होण्याआधी त्याला निदान साठ सेकंद नुसतं ऐकत थांबावं लागतं. वर म्हटलेला एक-दीड मिनिटाचा खंड तो हा. चॅनल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांपैकी एक हाताने ठरवला की हा प्रश्न उरत नाही.

दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर डेस्कटॉपसाठी ते वेगळं करा. सीमेवर असलेला कॉम्प्युटर दोन पट्ट्यांत सारखा उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला खंड पडतो. नवा राउटर आणताना जुन्या डब्याचं वायफाय चालूच ठेवलं असेल, आणि सोयीसाठी दोन्हींना तेच नाव आणि तोच पासवर्ड दिला असेल, तर हाच प्रकार आणखी वाढतो. जुन्याचं वायफाय बंद करा. दोन्हींचा पत्ता १९२.१६८.१.१ तर नाही ना, तेही बघा. असेल तर नव्याचा बदलून १९२.१६८.५.१ असा काही करा. आणि आयपीकॉन्फिगमध्ये कधी १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, हे ओळखा.

कार्ड आणि ड्रायव्हरचा नंबर माझ्या क्रमात इथे, शेवटाकडे लागतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' हा भाग असेल तर वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करायची परवानगी काढून घ्या. पॉवर प्लॅनमध्ये वायरलेस अडॅप्टरची सेटिंग दिसत असेल तर ती 'मॅक्सिमम परफॉर्मन्स' वर ठेवा. विंडोज नव्याने टाकल्याने ड्रायव्हरची शंका मिटत नाही, कारण विंडोज बहुधा स्वतःकडचाच ड्रायव्हर पुन्हा बसवते. मदरबोर्ड किंवा कार्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. एखाद्या अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर 'रोल बॅक ड्रायव्हर' करून बघा.

याचा पुरावा विंडोज स्वतःच ठेवते. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून काळी खिडकी उघडा आणि वरच्याच आज्ञेत शेवटचा शब्द 'इंटरफेसेस' ऐवजी 'डब्ल्यूलॅनरिपोर्ट' असा द्या. मागच्या तीन दिवसांत वायफाय कधी जोडलं, कधी तुटलं आणि कशामुळे, याचा आलेखासह अहवाल तयार होतो. तो कुठे ठेवला तेही खिडकीतच लिहून येतं. ड्रायव्हरने दुवा तोडला अशी नोंद वारंवार दिसली तर कार्डाकडे बोट दाखवा. तुम्ही टिपलेल्या वेळा आणि या अहवालातल्या वेळा जुळतच नसतील, म्हणजे नेट गेलं तेव्हा अहवालात वायफाय जोडलेलंच दिसत असेल, तर कार्ड निर्दोष आहे.

कोणताही बदल करताना एका वेळी एकच करा आणि निदान एक दिवस जाऊ द्या. चॅनल, ड्रायव्हर, अडॅप्टर एकाच संध्याकाळी बदलले आणि त्रास थांबला, तर कशाने थांबला ते कळत नाही. पावसाळ्यात तोच त्रास परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आणि ज्यांच्या रिटर्नच्या तारखा नेटवर अडकतात त्यांना माझा आग्रहाचा सल्ला: डेस्कटॉप जागेवरून हलत नसेल तर त्याला केबल लावा. शाहूपुरीत किंवा राजारामपुरीत कॉम्प्युटरच्या दुकानात कॅट ६ केबल मापाने मिळते, शंभर मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते, म्हणजे सोप्यातून माडीवर यायला काहीच अडचण नाही. चाचणी म्हणूनही तिचा उपयोग आहे. दोन दिवस तात्पुरती जिन्यावरून टाका. केबलवरही नेट गेलं तर वायफायचा सगळा विषयच संपला.

तसं झालं, किंवा फक्त दुसरी खिडकी थांबत राहिली, तर लाइन देणाऱ्या ऑपरेटरला बोलवा, पण 'नेट सारखं जातं' एवढंच सांगू नका. तो येतो तेव्हा नेट चालू असतं आणि तो परत जातो. त्याला टिपलेल्या वेळा दाखवा. नेट गेलं तेव्हा डब्यावरचा एलओएसचा लाल दिवा लागला होता का, ते सांगा. लागला असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नव्हता. डब्याचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकल्यावर उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर 'आरएक्स पॉवर', म्हणजे फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद, असा आकडा असतो, त्याचा फोटो काढून ठेवा, एक कोरड्या दिवशी आणि एक पाऊस झाल्यावर. साधारण उणे २७ डीबीएमच्या जवळ किंवा त्याखाली गेला असेल तर वायर कुठेतरी दुमडली आहे, कनेक्टर मळला आहे किंवा खांबावरच्या जोडात पाणी शिरतंय. आपल्याकडे फायबर खांबावरून, झाडांतून येते, त्यामुळे जूननंतर हे नेहमीचं. त्याला मीटर लावून तुमच्यासमोर आकडा मोजायला सांगा आणि घरातली वायर बदलण्याआधी खांबावरचा जोड उघडून बघायला लावा.